पेटी पुठ्ठ्याची चालेल, वही पक्की हवी

तुझी पटकथा वाचली. पहिल्याच प्रवासात तुझा नायक पेशवाईत जातो, दुसऱ्यात १९४२च्या मुंबईत, आणि पहिल्या पानावर लिहिलंयस, ‘अंदाजे खर्च चार लाख’. आत्या म्हणून करायचं ते कौतुक फोनवर करून झालं. आता जन्मभर सेटवर कंटिन्युइटीची वही सांभाळलेली बाई काय सांगते ते ऐक. पेशवाई काढ. १९४२ही काढ.

काळप्रवासाच्या सिनेमात पैसा यंत्रावर जातो असं सगळ्यांना वाटतं. यंत्राला फारसं काही लागत नाही. पैसा खाते ती उडी. माणूस पन्नास वर्षं मागे पाठवलास की रस्त्यावरच्या गाड्या बदला, दुकानांच्या पाट्या बदला, खिडक्यांतले एसीचे डबे झाका, गर्दीतल्या प्रत्येकाला कपडे शिवा, आणि एवढं करूनही मागून कुणीतरी मोबाइल कानाला लावून जाणारच. उडी आखूड तर खर्च आखूड. आज दुपारी तीनला निघालेला माणूस आजच सकाळी नऊला पोचला, तर रस्ता तोच, घर तेच, कपडेसुद्धा तेच. बदल एवढाच की आता तो माणूस जगात दोनदा आहे.

‘प्रायमर’ पाहिला आहेस म्हणालास. पुन्हा बघ, आणि या वेळी गोष्ट समजून घेण्याच्या नादी लागू नकोस, हिशेब बघ. शेन कॅरूथ हा गणित शिकलेला, इंजिनिअर म्हणून नोकरी केलेला माणूस. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसच्या आसपास त्याने हा सिनेमा साधारण सात हजार डॉलरमध्ये केला. तेव्हाच्या दराने आपले तीन-सव्वातीन लाख. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि एक प्रमुख भूमिका, सगळं त्याचं स्वतःचं. २००४ साली सनडान्स महोत्सवात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, शिवाय विज्ञानविषयक चित्रपटासाठीचं आल्फ्रेड पी. स्लोन पारितोषिकही. लांबी अवघी ७७ मिनिटं.

यात काळयंत्र म्हणजे एक पेटी आहे. गॅरेजमध्ये जोडलेली, नंतर भाड्याच्या गोदामातल्या खोलीत ठेवलेली. लुकलुकणारे दिवे नाहीत, धूर नाही, चमचमतं पोलाद नाही. एब आणि ॲरन हे दोघे मुळात वस्तूचं वजन कमी करायला निघालेले असतात आणि काळाचं प्रकरण त्यांच्या हाती चुकून लागतं. कॅरूथचं म्हणणं असं की खरे शोध असेच लागतात, साध्या जागेत, अपघाताने, आणि पहिलं यंत्र कधी देखणं नसतं. तुझ्या पटकथेत यंत्राचं वर्णन दीड पान आहे. त्याऐवजी पेटीला दार कुठल्या बाजूला, माणूस आत झोपतो की बसतो, आणि ती चालू असताना आवाज कसला येतो, या तीन गोष्टी लिही. आर्ट डिपार्टमेंटच्या पोराला तेवढंच लागतं.

खरी कमाल आहे ती पेटीच्या नियमात. पेटी ज्या क्षणी चालू केली त्याच्या मागे जाता येत नाही, आणि जितके तास मागे जायचं तितके तास आत पडून राहावं लागतं. आता हा नियम निर्मात्याच्या डोळ्यांनी बघ. पेटी आज सकाळी चालू केली, म्हणजे शिवकाल बाद, स्वातंत्र्यलढा बाद, नायकाचं बालपणसुद्धा बाद. दिवसभर स्वतःशी गाठ पडू नये म्हणून ते दोघे शहराबाहेरच्या हॉटेलातल्या एका खोलीत पडदे ओढून बसतात. म्हणजे एक खोली, दोन नट, कमीत कमी लाइट. एकच नियम आणि त्याने अर्धं शेड्यूल वाचवलं. तुझ्या यंत्राला असा एक नियम दे. एकच दे, आणि एकदा दिलास की क्लायमॅक्सला अडचण आली म्हणून तो मोडू नकोस. प्रेक्षक पुठ्ठ्याची पेटी माफ करतो, नियम मोडला तर उठून जातो.

नियम ठरला की लगेच गणित मांड. समज, पेटी नऊला चालू केली, तीन वाजता आत शिरला. हॉटेलात सहा तास, पेटीत सहा तास, मग बाहेर येऊन तेच नऊ ते तीन पुन्हा जगायचे. त्याचा दिवस चोवीस तासांचा राहिला नाही, छत्तीस तासांचा झाला. म्हणजे संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याची दाढी बायकोच्या दिवसापेक्षा बारा तास जास्त वाढलेली हवी, डोळे ओढलेले हवेत, भूक अवेळी लागायला हवी. मेकअपदादाला हे सांगितलंस का? नसशील सांगितलंस, तर तो सवयीने दर सीनला नटाचा चेहरा ताजातवाना करून पाठवील. ‘प्रायमर’मध्ये प्रवासाचे परिणाम शरीरावर दिसतात, कानातून रक्त येतं, अक्षर बिघडतं. अक्षर बिघडवायला काय खर्च येतो? डाव्या हाताने लिहायला लाव.

आता वही. नेहमीच्या सिनेमात कंटिन्युइटीवाल्याला दोन क्रम सांभाळावे लागतात, पडद्यावरचा आणि शूटिंगचा. काळप्रवासात चार होतात. पहिला, प्रेक्षकाला काय कधी दिसतं. दुसरा, भिंतीवरच्या घड्याळाचा, म्हणजे जगात काय कधी घडतं. तिसरा, त्या माणसाच्या स्वतःच्या आयुष्याचा, म्हणजे त्याच्या अंगावर काय कधी घडलं. चौथा, आपण ते कुठल्या दिवशी टिपतो. प्रत्येक सीनला हे चारही रकाने भर. तिसऱ्या रकान्याला मी सगळ्यांत जास्त जपते, कारण नटाला तोच लागतो. नट सेटवर येऊन एवढंच विचारतो, ‘मला आत्ता काय काय माहीत आहे?’ त्याचं उत्तर दिग्दर्शक आठवून देऊ लागला, की तो सीन तिथेच बिघडला.

माणूस जितक्यांदा मागे जातो तितके त्याचे नग वाढतात. प्रत्येक नगाला वहीत वेगळा रंग दे आणि क्लॅपवर सीन नंबरच्या पुढे नगाचा आकडा टाक. एडिटवर बसलास की माझी आठवण काढशील. एकाच शर्टातला एकच नट, एकाच खोलीत, तीन वेगळ्या मनःस्थितीत, आणि फाइलचं नाव ‘सीन १४ टेक २’. बस मग शोधत.

नग प्रेक्षकालाही ओळखता यायला हवेत की नकोत, हा वेगळा प्रश्न, आणि इथे दोन शाळा आहेत. ‘प्रायमर’मधले इंजिनिअर बहुतेक वेळ पांढरा शर्ट आणि टाय घालून वावरतात. कपडेपटाला सोपं, सगळे सीन एकमेकांना जुळतात, पण कोणता ॲरन कोणता हे ओळखणं मुश्कील. कॅरूथला तो गोंधळ हवाच होता. दुसरी शाळा स्पेनच्या नाचो विगालोंदोची. त्याचा ‘टाइमक्राइम्स’ २००७चा. एक मध्यमवयीन माणूस, गावाबाहेरचं घर, दुर्बीण, मागे रान, आणि साधारण तासाभराची उडी. नट जेमतेम चार, त्यातला एक स्वतः दिग्दर्शक. तिथे डोक्याला रक्ताने गुलाबी झालेलं बँडेज गुंडाळलेला एक माणूस रानात दिसतो. ते बँडेज हे मी पाहिलेल्या अतिशय हुशार कॉश्च्युमपैकी एक. नग लांबून ओळखू येतो, भीती वाटते, आणि चेहरा झाकलेला असल्याने गोष्टीचं गुपितही टिकतं. शिवाय चेहरा दिसत नसला की लांबच्या शॉटमध्ये दुसऱ्या कुणालाही उभं करता येतं, ही सोय फुकट मिळते. माझं मत विचारशील तर पहिल्या सिनेमाला ही दुसरी शाळा धर. गोंधळ मुद्दाम घालायला हात बसलेला लागतो.

‘टाइमक्राइम्स’कडून आणखी एक गोष्ट उचल. त्या जगात झालेलं बदलत नाही. नायकाला सुरुवातीला जे विचित्र दिसलं ते पुढे त्याने स्वतःच घडवलेलं निघतं. म्हणजे प्रत्येक घटना एकदाच घडते, आपण ती दोन ठिकाणांहून पाहतो. शूटिंगच्या भाषेत सांगायचं तर घटना एकदा बसवायची, कॅमेरा दोन जागी लावायचा. ‘प्रायमर’च्या जगात माणूस मागे जाऊन झालेलं बदलतो, म्हणजे तीच घटना फरकाने पुन्हा बसवावी लागते आणि दोन्हींतला फरक प्रेक्षकाच्या लक्षात राहील अशी सोय करावी लागते. दुप्पट काम. तत्त्वज्ञान म्हणून कुठलं खरं ते विद्वानांनी ठरवावं, चार लाखांत पहिलं परवडतं.

डबल रोलचे शॉट तुला भीती घालतायत असं तुझ्या ईमेलवरून वाटलं. अरे, दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये १९१७ साली अण्णा साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही! त्याआधी १९१२ साली भांडवलदारांना पटवण्यासाठी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून ‘अंकुराची वाढ’ दाखवली. स्वस्तात काळाशी खेळणं आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. (हे फेस्टिव्हलच्या अर्जात लिहू नकोस, सगळेच लिहितात.)

तर स्प्लिट शॉट. कॅमेरा ट्रायपॉडवर, ट्रायपॉडखाली वाळूच्या पिशव्या, आणि दोन्ही टेक होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, फोकस पुलरनेसुद्धा. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. मोबाइलवर शूट करणार असशील तर हे आधी तपास, कारण मोबाइल आपल्या मनाने उजेड कमी-जास्त करतो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची आहे, तेव्हा पंचवीस फ्रेम आणि १/५० शटर ठेव, म्हणजे ट्यूबलाइटच्या पट्ट्या सरकताना दिसणार नाहीत. जोड येणार ती रेघ दाराच्या चौकटीवर किंवा कपाटाच्या कडेवर ठेव, आणि त्या रेघेवर हलणारं काही नको. पंखा बंद, पडदा बांधलेला. दोघांपैकी जो संवाद पुढे नेतो त्याचं काम आधी घे, मग ते रेकॉर्डिंग कानातल्या इअरपीसमधून ऐकवत दुसरं घे. नजर कुठे ठेवायची तिथे स्टँडवर चिकटपट्टी लाव, नटाच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि उन्हात हा शॉट घेऊ नकोस. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, कपडे बदलून मेकअप होईपर्यंत सावलीने चुगली केलेली असते.

असे शॉट सिनेमाभर मिळून चार-पाच ठेव. बाकीच्या ठिकाणी पाठमोरा माणूस, आरसा, दाराआडचा आवाज. नटाच्या बांध्याचा एखादा मित्र पाठ द्यायला मिळतोच.

हाताशी आहे ते वापरण्याबद्दल बोलायचं तर ॲरनच्या कानातलं यंत्र घे. तो बास्केटबॉलची कॉमेंट्री ऐकतोय असं वाटतं. खरं म्हणजे आधी एकदा झालेलं संभाषण त्याने टेप करून आणलेलं असतं आणि तेच ऐकत ऐकत तो पुन्हा ‘सहज’ बोलत असतो. एका इअरफोनमध्ये केवढं कारस्थान बसवलंय बघ. तसंच फोनचं. माणसं दोन, फोनही दोन, नंबर एक. बायकोने फोन केला तर वाजेल कुठला? हा प्रश्न पडल्यावर त्या दोघांची जी तंतरते, ती दाखवायला लागला फक्त एक रिंगटोन. तुझ्या नायकाच्या खिशात आज काय काय असतं ते काढून टेबलावर मांड. लोकलचा पास, यूपीआयचे मेसेज, सोसायटीच्या गेटवरची नोंद, लिफ्टमधला कॅमेरा. एकच माणूस गेटमधून दोनदा आत आला आणि बाहेर एकदाही गेला नाही, हे वॉचमनच्या लक्षात येईल की नाही? या एका प्रश्नात तुझे दहा सीन आहेत.

महागाचं काही असेल ते कॅमेऱ्यामागे घडू दे. ‘प्रायमर’मध्ये एका पार्टीत बंदूक घेऊन माणूस येतो, त्यावरून सगळी उलथापालथ होते, आणि तो प्रसंग आपल्याला धड कधीच दिसत नाही, त्याच्याबद्दल ऐकायला मिळतं. फ्रान्सच्या क्रिस मार्करने तर १९६२च्या ‘ला जेते’त जवळजवळ सगळा सिनेमा स्थिर छायाचित्रांवर आणि निवेदनावर उभा केला. अठ्ठावीस मिनिटांत एकच क्षण हलतो, एक बाई डोळे उघडते तो. त्यावरून १९९५ साली टेरी गिलियमने ‘ट्वेल्व्ह मंकीज’ केला, मोठे नट, मोठा खर्च. दोन्ही बघ. पण छायाचित्रांची युक्ती तू करू नकोस, ती आता त्याचीच होऊन बसली आहे.

मात्र जपानमधल्या क्योतोच्या मंडळींची युक्ती शिकण्यासारखी आहे. ‘यूरोप किकाकू’ ही नाटकमंडळी. लेखक माकोतो उएदा, दिग्दर्शक जुंता यामागुची, ‘बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स’, २०२०. कॅफेचा मालक वरच्या खोलीतल्या संगणकावर दोन मिनिटं पुढचा स्वतःला पाहतो, तो खालच्या टीव्हीवरून बोलत असतो. मग हा खाली जातो आणि दोन मिनिटांपूर्वी जे ऐकलं तेच टीव्हीसमोर बोलतो. सत्तर मिनिटं, एका दमात घेतल्यासारखी दिसणारी, बहुतांशी मोबाइलवर टिपलेली. यातली मेख लक्षात येते का? वरून खाली यायला जिन्यात किती सेकंद लागतात, मधे किती वाक्यं बसतात, हे सगळं स्टॉपवॉचवर बांधलेलं असल्याशिवाय पडद्यातलं आणि पडद्याबाहेरचं जुळणारच नाही. नाटकवाल्यांना हे जमतं कारण तालमीची त्यांना लाज वाटत नाही. आपल्या सिनेमावाल्यांना सेटवर ‘सुचतं’. तू प्रायोगिक रंगभूमीवरची पोरं घे. आधी रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर खडूने खोल्या आखून सगळा सिनेमा सलग चालवून बघ, घड्याळ लावून. हॉलचं भाडं शूटिंगच्या एका दिवसापेक्षा कितीतरी कमी पडतं.

याच मंडळींचा ‘रिव्हर’ २०२३चा, क्योतोजवळच्या किबुने गावातल्या एका सरायीत. तिथे सगळ्यांची दोन मिनिटं पुन्हा पुन्हा सुरू होतात. काही फेऱ्यांत बर्फ दिसतो, काहींत नाही. थंडीत डोंगरात शूटिंग म्हटल्यावर आभाळ कुणाचं ऐकतं? त्यांनी तो फरक गोष्टीत घेतला. तुझं शूटिंग जूनमध्ये ठेवलंयस, म्हणून हे सांगतेय. पाऊस येणार असं धरूनच लिही. पहिल्या वेळी कोरडा रस्ता, दुसऱ्या वेळी ओला, असं का, याचं उत्तर आधीच तयार असलं तर तुझं शेड्यूल कोसळणार नाही.

कॅरूथने फिल्मवर शूट केलं, सोळा मिलिमीटरवर. कच्ची फिल्म वाया घालवणं परवडत नव्हतं म्हणून प्रत्येक शॉट त्याने आधी साध्या कॅमेऱ्याने फोटो काढून ठरवला होता आणि रीटेक अगदी मोजके घेतले. तुला कार्डावर शूट करायचंय, टेक फुकट आहेत. हीच तर पंचाईत. फुकटचे टेक एडिटवर बसून कुणीतरी बघावे लागतात. तू मोबाइलवर फोटो काढून सगळा सिनेमा आधी मांड, खऱ्या लोकेशनवर, खऱ्या वेळेला. त्यात उजेड कुठून येतो हेही आपोआप कळतं.

एका बाबतीत मात्र त्याचं अनुकरण नको. शूटिंगनंतर पोस्टला त्याला दोन वर्षं लागली आणि तो ते अर्ध्यात टाकून द्यायच्या बेतात अनेकदा आला होता. सात हजारांच्या आकड्यात ही दोन वर्षं धरलेली नाहीत. संकलन दुसऱ्याला दे. ज्याला तुझी गोष्ट पाठ नाही अशाला दे, म्हणजे त्याला जिथे कळत नाही तिथे प्रेक्षकालाही कळणार नाही हे वेळेत समजेल. माझ्या मते ‘प्रायमर’चा पहिला अर्धा भाग, दोघे हळूहळू पेटीचं गुपित उलगडतात तो, निव्वळ सोनं आहे. शेवटाकडे गाठी इतक्या पडतात की बाहेरचा एखादा कटर असता तर त्याने दोन-तीन सोडवायला लावल्या असत्या. हे ऐकून तुझे मित्र मला म्हातारी म्हणतील, म्हणू देत.

आवाजाचं राहिलं. तोच प्रसंग दुसऱ्यांदा येतो हे प्रेक्षकाला डोळ्यांआधी कानाने कळतं. म्हणून पहिल्या वेळी पार्श्वभूमीला एक ठसठशीत आवाज ठेव, भंगारवाल्याची हाळी म्हण, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या म्हण. तो स्वतंत्रपणे स्वच्छ रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या वेळी नेमका त्याच वाक्यामागे टाक. ‘आपण परत इथेच आलो’ हे सांगायला पाटी लागणार नाही, निवेदन लागणार नाही. लोकेशनवर सेटअप संपला की एक मिनिट सगळ्यांना गप्प उभं करून खोलीचा नुसता आवाज घ्यायला विसरू नकोस.

फ्रेममध्ये येणारी घड्याळं, कॅलेंडरं, फोनचे पडदे, वर्तमानपत्रं, सगळ्यांची यादी कर आणि जी गरजेची नाहीत ती काढून टाक. जी उरतील ती एका माणसाच्या ताब्यात दे. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून ठेव आणि काटे हाताने लाव. नाहीतर संवाद सव्वानऊचा आणि मागे पावणेबारा, आणि यूट्यूबवर पहिली कमेंट तीच.

युनिटला जेवण वेळेवर आणि गरम. मित्र फुकट राबतात तेव्हा तर जास्तच.

पेशवाई काढून नवीन खर्डा पाठवशील तेव्हा त्यासोबत चार रकान्यांचा तक्ताही पाठव, हाताने केलेला चालेल. आधी तो वाचीन, मग पटकथा. आणि पेटीसाठी पुठ्ठा विकत आणू नकोस. आमच्या सोसायटीत दोन घरी नवे फ्रिज आलेत, खोकी मी वॉचमनला सांगून धरून ठेवली आहेत.